बाळंतिणीच्या अंगात ताकद कशी परत येते
(आरोग्य पाठ : गटाच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी)



दसरा तोंडावर आलाय. दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातल्या टोळ्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघतील. त्यात अशा कितीतरी ताया असतील ज्यांच्या मांडीवर दोन-तीन महिन्यांचं बाळ असेल. ज्या गावात राहतील त्यांचीही सोयाबीनची कापणी, खळं आणि रब्बीची पेरणी चालूच असेल. म्हणून या महिन्याचा पाठ बाळंतिणीवर ठेवलाय. बाळावर नाही, बाळंतिणीवर.

पोटुशी बाई असली की सगळं घर तिच्याकडे बघतं. काय खाल्लं, किती चालली, डॉक्टर काय म्हणाले. बाळ झालं की सगळं घर बाळाकडे वळतं. बाळाचं वजन, बाळाचं डोकं, बाळाचं बारसं. त्या बाईच्या अंगात काय चाललंय हे तिला स्वतःलाही कुणी सांगितलेलं नसतं. सव्वा महिना झाला की ओटी भरायची, आणि दुसऱ्या दिवशी ती हंडा घेऊन नळावर.

माझं स्वतःचं लग्न झालेलं नाही. त्यामुळे हा विषय काढला की बैठकीत एखादी मावशी हमखास म्हणते, "तुला काय कळतंय गं पोरी, आम्ही चार-चार बाळंतपणं काढली." खरंच आहे. पण त्याच मावशी बैठक संपल्यावर बाजूला घेऊन हळूच सांगतात, "खोकलं की लघवी सुटते," "उकिडवं बसलं की खाली काहीतरी आल्यासारखं वाटतं." किती वर्षांपासून विचारलं तर म्हणतात, "धाकट्याच्या वेळेपासून." धाकटा आता बारावीला आहे! म्हणजे अठरा वर्षं. हे दुखणं सोसायचं असतं असं आपण धरून चाललोय, आणि या पाठाचं खरं कारण तेच आहे.

आत काय घडलेलं असतं

बाळ झाल्यावर वार पडते. ती वार पिशवीला जिथे चिकटलेली होती तिथे आत जखम होते, हाताच्या तळव्यापेक्षा मोठी. ती बाहेरून दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही. तेवढी जखम पायावर झाली असती तर महिनाभर कुणी आपल्याला रानात धाडलं नसतं. ही जखम भरून यायला आणि फुगलेली पिशवी पुन्हा मुठीएवढी व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. आपल्या आज्यांनी घालून दिलेला सव्वा महिना उगाच नाही, तो जवळजवळ तेवढाच आहे. अंगावरून आधी लाल, मग फिकट तपकिरी, मग पांढरट जातं ते ही जखम भरत असल्याचं लक्षण. फिकट झालेलं रक्त कामाला लागल्यावर पुन्हा लाल झालं, तर शरीर सांगतंय की घाई झाली, थोडं थांब.

दुसरी गोष्ट रक्ताची. साध्या बाळंतपणातही पाचशे मिलीपर्यंत रक्त जाणं नेहमीचं धरतात. रक्तदान शिबिरात जी पिशवी भरतात ती ३५० मिलीची असते, आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असेल तर तिथे बाईचं रक्त घेतच नाहीत. आता बघा, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमध्ये ५७ जणींना रक्त कमी असल्याचं आढळलं. म्हणजे शिबिरातून परत पाठवली असती अशी बाई त्याहून जास्त रक्त देऊन घरी येते. मग चार पावलं चालून तिला दम लागला तर "नाटकं करते" म्हणण्यात काय अर्थ आहे?

तिसरी गोष्ट स्नायूंची. पोटाच्या मधोमध वरून खाली दोन उभे स्नायू असतात. पोट वाढताना ते एकमेकांपासून लांब जातात, आणि बाळंतपणानंतर मधली फट लगेच मिटत नाही. आणि पोटाच्या अगदी तळाला, मांड्यांच्या मध्ये, झोळीसारखे ताणलेले स्नायू असतात. पिशवी, लघवीची पिशवी, संडासची जागा, या सगळ्यांना ती झोळी खालून धरून ठेवते. नऊ महिने तिने वजन पेललेलं असतं, बाळ बाहेर येताना ती आणखी ताणली जाते. सिझर झालेल्या बाईचीसुद्धा झोळी सैल पडते, कारण वजन तिनेही नऊ महिने पेललेलंच असतं.

आता या सैल झोळीवर पंधरा लिटरचा भरलेला हंडा ठेवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा किलो पाण्याचे, वर भांड्याचं वजन वेगळं. उसाची मोळी तर तीस-चाळीस किलोची. ती उचलताना आपण श्वास रोखतो, पोट घट्ट होतं, आणि सगळा दाब खाली जातो. एकदा उचलल्याने काही होत नाही. रोज, दिवसातून दहा वेळा, महिनोन्‌महिने उचललं की झोळी सैलच राहते. त्यातूनच पुढे अंग बाहेर येतं.

खूप बायकांचं आहे, पण कुणी बोलत नाही

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ साली छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात जेमतेम आठ. मला यातला दुसरा आकडा जास्त लागतो. त्रास होता, पण दाखवलंच नव्हतं.

न दाखवण्याचं पुढे काय होतं हे बीड जिल्ह्याने बघितलंय. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय इतका वाढला की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जातंय, कंबर दुखतेय, अंग बाहेर येतंय, या सगळ्यावर एकच उत्तर, "पिशवी काढून टाका." काही वेळा ऑपरेशन लागतंच, ते मी नाकारत नाही. पण अंग थोडं खाली आलं असेल तर व्यायामाने फरक पडतो, आतून बसवायची रबरी रिंग मिळते, आणि पांढऱ्या जाण्याला बहुतेक वेळा साध्या गोळ्या पुरतात. पिशवी काढा असं कुणी सांगितलं तर आधी जिल्हा रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. गटातली एखादी मैत्रीण सोबत न्या. दोघी असल्या की प्रश्न विचारायला जीभ सुटते.

झोळी घट्ट करायचा व्यायाम

हा भाग बैठकीत वाचून थांबू नका, बसल्या जागी करून बघा. बाहेरून कुणाला काही दिसत नाही, त्यामुळे लाजायचं कारण नाही. साठीच्या मावशींनीही करायचा आहे, कारण उशीर झाला तरी फायदा होतो.

मांडी घालून किंवा खुर्चीवर ताठ बसा. लघवी आलीय पण बस थांबत नाहीये, अशा वेळी आपण जी जागा आवळून धरतो, ती आवळा. त्याच वेळी चारचौघांत वारा सुटू नये म्हणून मागची जागा आवळतो, तीही आवळा. दोन्ही मिळून आत आणि वर ओढल्यासारखं करायचं. पोट, मांड्या आणि कुल्ले सैलच ठेवायचे. श्वास चालू ठेवायचा, इथेच बहुतेक जणी चुकतात आणि श्वास धरून बसतात. बाजूचीशी बोलत बोलत केलं की श्वास आपोआप चालू राहतो. तीन आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा, तेवढंच थांबा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. काही आठवड्यांनी तीनचे पाच करा, पाचचे दहा.

खरोखर लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नका. जागा ओळखण्यापुरतं एकदा केलं तर ठीक.

साधं बाळंतपण झालं असेल तर दुखत नसेल तेवढं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून करता येतं. टाके असले तरी हलक्या हाताने, म्हणजे हलक्या जोराने, करता येतं. सिझर झालं असेल तर लघवीची नळी काढल्यावर सुरू करा. लक्षात कसं ठेवायचं? बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पितं. त्यातल्या तीन पाजण्या ठरवून टाका. बाळ पितंय, आई आवळतेय. एका गटातल्या ताईंनी सांगितलं की त्या शेळीचं दूध काढताना करतात. तेही चालेल!

याचाच पुढचा धडा म्हणजे खोकला, शिंक यायच्या आधी आणि बाळ किंवा बादली उचलायच्या आधी ती जागा आवळायची, मग उचलायचं, आणि उचलताना श्वास बाहेर सोडायचा. ही सवय एकदा लागली की जन्मभर उपयोगी पडते. तीन महिने नेमाने करूनही लघवी सुटत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पोट, कंबर आणि चालणं

पोटावरची फट घरी बघता येते. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवा आणि डोकं थोडं उचला. दोन स्नायूंच्या मध्ये खड्डा लागेल. सहा-आठ आठवड्यांनंतरही त्यात दोनापेक्षा जास्त बोटं मावत असतील तर फट अजून मोठी आहे. अशा वेळी मोबाईलवर दाखवतात तसे झोपून डोकं-खांदे उचलत उठायचे व्यायाम करू नका, त्याने फट वाढू शकते. त्या रीलमधल्या बायकांना पोट सपाट करायचं असतं. आपल्याला हंडा उचलायची ताकद हवी आहे, दोन्ही कामं वेगळी आहेत.

त्याऐवजी एवढं करा. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, श्वास सोडताना बेंबी हळूच आत घ्या आणि कंबरेची पोकळी जमिनीला टेकवा. पाच आकडे धरा, सोडा. दहा वेळा. दोन-तीन आठवड्यांनी, दुखत नसेल तर, त्याच अवस्थेत कुल्ले हळूच वर उचला आणि खाली आणा. सिझर झालेल्या तायांनी हे कुल्ले उचलणं सहा आठवड्यांची तपासणी झाल्यावरच करायचं. आणि बाजेवरून उठताना सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताचा रेटा देऊन उठा.

कंबरदुखीबद्दल प्रत्येक गावात एकच वाक्य ऐकते. "पाठीत इंजेक्शन दिलं ना, तेव्हापासून कंबर गेली." सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, तेवढं खरं. पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या इंजेक्शनमुळे होत नाही. साध्या बाळंतपणाच्या, इंजेक्शन न घेतलेल्या बायकांचीही कंबर तेवढीच दुखते, हे तुम्ही आपल्या गटातच विचारून बघा. खरं कारण पोटाचे सैल स्नायू, आणि बाळाला पाजताना तासन्‌तास वाकून बसणं. भिंतीला टेका, मांडीवर गोधडीची घडी ठेवा आणि बाळाला छातीपर्यंत वर आणा. आपण बाळाकडे वाकायचं नाही. दोष इंजेक्शनला देऊन बसलं की व्यायाम राहून जातो, म्हणून एवढं सांगितलं.

चालणं पहिल्या दिवसापासून, घरातल्या घरात. पडून राहिल्याने पायात रक्ताची गाठ होण्याची भीती असते, म्हणून झोपल्या जागी पावलं वरखाली हलवत राहायची. आठवड्याने अंगणात, मग गल्लीत. दोन-चार दिवसांनी पाच मिनिटं वाढवायची. व्यायामाने दूध आटतं असं म्हणतात, तसं काही होत नाही. दूध आटतं ते उपाशी राहून, पाणी कमी पिऊन, आणि बाळाला वेळेवर न पाजता.

आपल्या रीतींतलं काय ठेवायचं

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं, मेथी, बाळंतशोपा हे सगळं छान आहे. करा आणि खा. पण सव्वा महिना नुसते लाडू आणि दूध-भाकरी पुरत नाही. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. आपल्या भाषेत दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे, हे नेहमीच्या जेवणाच्या वर. डाळ, पालेभाजी, अंडं रोज पोटात जायला हवं. "हे वातूळ, ते थंड" करत करत ताटात काहीच उरत नाही असं कित्येक घरांत बघितलंय. पाणी कमी प्यायला लावणं तर साफ बंद करा. पाजणाऱ्या बाईला तहान लागतेच, तेव्हा मनसोक्त प्यायचं. बाळाला मात्र सहा महिने पाण्याचा थेंबही नाही, फक्त आईचं दूध.

शेक घ्यायला हरकत नाही, पण खोली बंद करून बाजेखाली निखाऱ्याची शेगडी आणि धुरी नको. तो धूर बाळाच्या कोवळ्या छातीत जातो, आणि बंद खोलीतल्या निखाऱ्याच्या वायूने जीवही जाऊ शकतो. गरम पाण्याची पिशवी घ्या. तेल लावून मालिश हवीच, आईलाही बरं वाटतं. फक्त पोट दाबून चोळायचं नाही आणि सिझरच्या टाक्यांवर हात लावायचा नाही.

पोट बांधण्याबद्दल सासवा आणि सुना दोघी विचारतात. मऊ सुती कापड, दोन बोटं आत जातील इतकं सैल, चालताना-उठताना आधार म्हणून चालतं. आवळून बांधलं तर पोट कमी होत नाही, सगळा दाब खालच्या झोळीवर जातो.

आणि गोळ्या. लाल लोहगोळी बाळंतपणानंतरही रोज एक, १८० दिवस. कॅल्शियमच्या रोज दोन, त्याही सहा महिने. दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट. पण दोन्ही एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. लोहगोळीबरोबर लिंबू चालतं, चहा नाही. संडास काळी होते, काही जणींना घट्ट होते, म्हणून गोळ्या फडताळात पडून राहतात. काळी झाली तर घाबरायचं नाही. घट्ट होत असेल तर पाणी आणि पालेभाजी वाढवा, पण गोळी सोडू नका.

ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही

तासाभरात कपडा किंवा पॅड भिजून जातंय, मोठ्या गाठी जातायत. ताप आहे, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतोय. डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय किंवा झटका आला. एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय. छातीत दुखतंय, दम लागतोय. स्तन दगडासारखा घट्ट, लाल आणि सोबत ताप. टाक्यांतून पू येतोय. यातलं काहीही असलं तर "सकाळी बघू" नाही. १०८ ला फोन करा. बाळंतपणातल्या मृत्यूंचं देशातलं सगळ्यात मोठं कारण रक्तस्राव आहे, आणि त्यात तास महत्त्वाचे असतात.

मनाचंही बघा. पहिले आठ-दहा दिवस उगाच रडू येतं, चिडचिड होते, ते बहुतेक जणींचं आपोआप जातं. दोन आठवडे उलटून गेले तरी बाई गप्पच आहे, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, जगण्यात राम वाटत नाही असं म्हणते, तर तो आजार आहे. बाहेरची बाधा नाही आणि आळसही नाही. त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो. स्वतःला किंवा बाळाला काही करीन असं तिच्या तोंडून आलं तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना. मुलगी झाली म्हणून जिला टोमणे ऐकावे लागतात, तिच्याकडे गटाने जास्त लक्ष द्यायला हवं. हे मी कुणाचं नाव घेऊन लिहीत नाही, पण प्रत्येक गावात कोण ते तुम्हाला माहीत आहे.

आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. ही घरोघरची सेवा आधी गडचिरोलीतच करून बघितली गेली, मग देशभर गेली. त्या बाळ तपासायला येतात असं आपण समजतो. आईचंही त्यांना सांगा. आणि सहा आठवड्यांनी आईची स्वतःची तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. रक्त, बीपी, टाके, पिशवी, आणि पुढचं मूल लांबवायचं असेल तर त्याचं बोलणं. पाळी आली नाही म्हणजे दिवस जात नाहीत असं धरून चालू नका. अंगातली ताकद परत यायच्या आत पुन्हा दिवस गेले तर वर लिहिलेलं सगळं पाण्यात.

टोळीवर जाणाऱ्या ताया

ऑफिसात कायम नोकरी करणाऱ्या बाईला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. कोयत्यावरच्या बाईला एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापतात. सहा महिने जड उचलू नको असं मी इथे लिहिलं तर तुम्ही हसाल आणि पान उलटाल. म्हणून जे होऊ शकतं तेवढंच लिहिते.

पहिले सहा आठवडे जड काहीच नाही, यात तडजोड करू नका. बाळाच्या वजनापेक्षा जास्त उचलायचं नाही. सिझर झालेल्यांनी तर अजिबात नाही. उचल घेतलेली असली तरी मुकादमाशी आधी बोलून एक-दीड महिना उशिरा जाता येतं का बघा. मधल्या काळात घर चालायला गटातून कर्ज घ्या. ग्रामसंघाकडचा जोखीम प्रवणता निधी अशाच अडचणीसाठी असतो, तो मागायला संकोच नको. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये आईच्या खात्यावर येतात. मजुरी बुडते त्याची थोडी भरपाई म्हणूनच ही योजना आहे. ते पैसे मोबाईलच्या हप्त्यात जाऊ देऊ नका. फॉर्म भरायचा राहिला असेल तर अंगणवाडीताईंना विचारा.

फडावर गेल्यावर कामाची वाटणी बदला. तोडणी आणि पाचट सोलणं तिने केलं, मोळी उचलून गाडीवर चढवणं नवऱ्याने किंवा दुसऱ्या कोयत्याने केलं, असं काही टोळ्यांमध्ये होतं. म्हणजे ते होऊ शकतं. गाडी भरताना उचलावंच लागलं तर मोळी लहान बांधा, फेऱ्या दोन जास्त होऊ देत. कोपीवर पाण्याच्या हंड्याऐवजी कळशी घ्या.

निघताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या, घरी पेटीत ठेवू नका. त्या कार्डावर बाळाचे डोस कुठल्याही जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या किमान दोन महिन्यांच्या मागून न्या.

बैठकीत बोलायचे प्रश्न

आपल्या गटात या घडीला सहा महिन्यांच्या आतलं बाळ कुणाकुणाकडे आहे? त्यांचं पाणी कोण भरतं? गटातल्या दोघी-तिघी पाळीपाळीने त्यांचे दोन हंडे आणू शकतात का?

सासूबाई म्हणून बैठकीत बसलेल्यांनी सांगा, तुमच्या वेळी कुणी तुम्हाला कामाला लवकर लावलं होतं का?

या हंगामात बाळ घेऊन टोळीवर कोण जाणार आहे? त्यांच्या टोळीत गटातली आणखी कोण आहे?

दशसूत्रीत आरोग्य आहेच, त्यामुळे उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा. नावं लिहू नका, फक्त संख्या लिहा. दसऱ्यानंतरच्या प्रभागसंघाच्या बैठकीत सीआरपी ताई वह्या घेऊन येतील. तिथे आपण टोळीवर जाणाऱ्या तायांच्या गोळ्यांची आणि कार्डांची यादी आरोग्य केंद्राला एकत्रच देऊ.

– क्षेत्र समन्वयक